तिसऱ्या दिवशी दारात येणारे सर

आमचे सर एका तासात तीनदा हजेरी घेत. सुरुवातीला एकदा, मध्ये एकदा आणि घंटा व्हायच्या आधी एकदा. पहिली हजेरी आले किती ते कळायला, मधली पळाले किती ते कळायला. मग तिसरी कशाला, असं एका धीट मुलाने एकदा विचारलंच. सर म्हणाले, "बीच में कोई चक्कर खाकर बेंच के नीचे गिर गया हो तो?" सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी खरोखरच वाकून शेवटच्या बाकाखाली पाहून घेतलं.

मुलं त्यांना 'धुकधुकी साहब' म्हणत. सरांना ते ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे. त्यांना वाटायचं ते भलत्याच गोष्टींचं. वर्कशॉपला कुलूप लावलं की ते पाच वेळा ओढून बघत, सायकल स्टँडपर्यंत जात आणि सहाव्यांदा ओढायला परत येत. हजेरीपुस्तक ते कॉलेजात ठेवत नसत. लाल फडक्यात पोथीसारखं बांधून घरी नेत. "ऑफिसात ठेवलं आणि आग लागली तर?" असं मला म्हणाले होते. आमच्या कॉलेजच्या ऑफिसात कागदसुद्धा हलत नसे, तिथे आग कुठून लागणार, पण हे मी त्यांना सांगितलं नाही.

ही नव्वदीच्या दशकातली, बनारसमधली हकिकत. मेकॅनिकलच्या आमच्या वर्गात साठ जण होते आणि त्यांत मी एकटी मुलगी. सर मशीन ड्रॉइंग आणि वर्कशॉप शिकवत. ते मंगला गौरीच्या बाजूला राहायचे, पिढ्यान्पिढ्या काशीत रुजलेलं मराठी घर. आमचं घर रामघाटावर, त्यांच्यापासून पायी दहा मिनिटांवर. वर्गात ते माझ्याशी हिंदीत 'आप' म्हणून बोलत आणि गल्लीत भेटले की मराठीत, "अगं, छाता घेतलास का? बादल आलेत." आमच्या घरीही असंच बोलतात, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटत नसे. बाबांकडे देशावरून येणारे यजमान मात्र हे मराठी ऐकून एकमेकांकडे बघत.

कुणी दोन दिवस आलं नाही तर तिसऱ्या दिवशी सर त्याच्या घरी जात. मग घर कुठेही असो. हॉस्टेलमध्ये तर ते असे अवचित उगवत की मुलं खोटा ताप आणायलाही घाबरत. मला दुसऱ्या वर्षी कांजिण्या झाल्या तेव्हा तिसऱ्या दिवशी ते आमच्या दारात उभे होते. आत यायला तयार नव्हते. दारातूनच आईला विचारत होते, "कांजिण्याच ना? शिक्षण तर नाही ना सोडवलंत?" आई गोंधळली. तिने मला दारापर्यंत आणून माझं तोंड दाखवलं, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. अंगभर फोड आलेली मुलगी बघून इतका आनंद झालेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

या तिसऱ्या दिवसामागे एक गोष्ट होती. ती त्यांनी स्वतः सांगितली, तीही कुलूप ओढता ओढता. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांच्या वर्गात विणकरांच्या वस्तीतला एक मुलगा होता. गणितात वाघ, इंग्रजीत मात्र कच्चा. ड्रॉइंगच्या पहिल्या परीक्षेत नापास झाला आणि यायचा बंद झाला. दोन महिन्यांनी कारकुनाने त्याच्या नावावर लाल रेघ मारली तेव्हा सरांच्या लक्षात आलं. शोधत शोधत ते त्याच्या घरी गेले. मुलगा मागावर बसला होता. "तू आला का नाहीस?" असं विचारल्यावर तो अगदी साधेपणाने म्हणाला, "साहब, किसी ने पूछा ही नहीं। हमने सोचा, नाम कट गया होगा।" तो यायचा बंद झाला तेव्हा त्याचं नाव कटलेलं नव्हतं. तो मुलगा मागावरून उठला नाही.

"त्या दिवशी मी त्याला उठवू शकलो नाही," सर म्हणाले आणि पुन्हा एकदा कुलूप ओढून त्यांनी सायकल काढली.

सरांचं दुसरं खूळ म्हणजे मिस्त्री. कॉलेजातल्या यंत्रांवर शिकलेला मुलगा बाहेरच्या यंत्रापुढे उभा राहिला की दातखीळ बसते, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून गावात कुठेही खराद, म्हणजे लेथ, चालू दिसली की ते सायकल टेकवून आत शिरत आणि आमच्यासाठी जागा मागत. एका वर्षी तर वर्कशॉपच्या परीक्षेला त्यांनी रामनगरच्या एका कारखान्याच्या मालकाला आणून बसवलं. हे उस्ताद. धोतर, गंजी, कानामागे खडू. विभागप्रमुखांनी डोळे वटारले. तरी सरांनी स्वतःची खुर्ची उस्तादांना दिली. उस्ताद खुर्चीवर काही बसले नाहीत. ते प्रत्येक मुलाच्या कामावरून बोट फिरवत गेले आणि वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलाने घडवलेला जॉब उचलून म्हणाले, "सुंदर है। चलेगा नहीं।" तो मुलगा आठवडाभर जेवला नव्हता म्हणे.

तिसऱ्या वर्षानंतर सहा आठवड्यांचं कारखान्यातलं ट्रेनिंग असे. ते झाल्याशिवाय डिग्री नाही. मुलांना महिन्याभरात जागा मिळाल्या. माझ्यासाठी सरांनी पाठवलेली पत्रं एकेक करून परत आली. सगळ्यांत एकच वाक्य फिरवून फिरवून लिहिलेलं, की आमच्याकडे मुलींसाठी व्यवस्था नाही. व्यवस्था म्हणजे संडास, हे सरांना विचारूनही सांगता येत नव्हतं, ते नुसते लाल होत. मला मात्र रडू येत होतं, कारण घरी दुसराच पेच होता.

बाबा वेदपाठशाळेत शिकवायचे. पोरीला इंजिनिअरिंगला घातलं म्हणून रामघाटावर त्यांना पुष्कळ ऐकून घ्यावं लागलं होतं, आणि तीन वर्षं त्यांनी ते ऐकून घेतलं होतं. पण मी कारखान्यात जाणार हे कळल्यावर त्यांचं मन कचरलं. चौथ्या वर्षाच्या फॉर्मवर त्यांची सही लागायची. तो फॉर्म त्यांनी देवघराच्या फळीवर ठेवून दिला आणि म्हणाले, "ट्रेनिंग नीट झालं तर सही करीन. काही वेडंवाकडं कानावर आलं तर पुरे झालं म्हणायचं. पुण्याचं स्थळ थांबलेलं आहे." बाबा रागावून बोलले असते तर मी भांडले असते. ते थकून बोलले होते.

मी हे सरांना सांगितलं आणि चूक केली. त्यानंतर त्या फॉर्मची काळजी माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त.

शेवटी उस्तादांनीच जागा दिली. कारखान्याच्या मागेच त्यांचं घर, घरात त्यांची बायको, त्यामुळे 'व्यवस्थे'चा प्रश्न मिटला. सर आठवड्यातून दोनदा मला बघायला येत. त्यासाठी गंगा ओलांडावी लागे. सरांना पोहता येत नसे. काशीत जन्मून, घाटापासून हाकेच्या अंतरावर राहून पोहता न येणारा माणूस विरळाच. पिप्यांचा, म्हणजे तरंगत्या पिंपांवरचा, पूल होता तोवर ते त्यावरून सायकल हातात धरून, मधल्या फळ्यांवर डोळे लावून येत. पावसाचं पाणी चढायच्या आधी पूल काढला आणि नावेशिवाय इलाज राहिला नाही. मग ते शर्टाच्या आत पोटाला स्कूटरची फुगवलेली ट्यूब बांधून नावेत बसत. मल्लाह हसायचे. ट्यूब बांधलेला तो माणूस उस्तादांच्या दारात पोचला की आधी मला पाही आणि मगच श्वास सोडी.

कारखान्यात मला कुणी काही कमी पडू दिलं नाही. तीच तर गंमत होती. बाकीच्या पोरांना उस्ताद सकाळपासून शिव्यांनी न्हाऊ घालत. माझ्याशी बोलताना मात्र त्यांचा आवाज देवळात आल्यासारखा व्हायचा. "बिटिया, आप बइठिए। धूप है, पानी पी लीजिए।" मी कानस चुकीची धरली तरी ते नुसतं दुसरीकडे बघत. मला ते बरंच वाटायचं. मी घरी सांगायचे, बघा, किती मान देतात.

दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला एका तेलगिरणीच्या जुन्या विलायती यंत्राचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा लोखंडी दांडा, तुटला. यंत्राबरोबर आलेला जुना नकाशा मालकाकडे होता. त्यावरून नवा नकाशा काढायचं काम उस्तादांनी मला दिलं. इथे एक गोष्ट सांगायला हवी. यंत्राचा भाग कागदावर काढताना तो समोरून काढतात आणि बाजूनेही काढतात. बाजूने पाहिलेलं चित्र कागदावर कुठे ठेवायचं याच्या दोन पद्धती आहेत. आमच्या पद्धतीत डावीकडून दिसणारं चित्र उजव्या हाताला ठेवतात. त्या विलायती नकाशात उजवीकडून दिसणारं चित्रच उजव्या हाताला होतं. मी तो आमच्या पद्धतीने वाचला. पट्टा फिरवणारं चाक जिथे बसतं तिथे शाफ्टला एक खाच असते. ती खाच माझ्या नकाशात भलत्याच टोकाला गेली.

सरांनी तो नकाशा तपासला. त्यांच्या पद्धतीने तपासला, म्हणजे एकेक माप दोनदा. आकड्यात चूक असेल या भीतीने त्यांनी दशांशापर्यंत सगळं पडताळलं आणि सही केली. खाच कुठल्या टोकाला आहे हे मात्र पाहिलं नाही. शाफ्ट तयार झाला आणि गिरणीत गेला.

सोमवारी गिरणीमालक तो शाफ्ट हातगाडीवर घालून परत घेऊन आला आणि कारखान्याच्या मधोमध ठेवून ओरडू लागला. चाक एका बाजूला, खाच दुसऱ्या बाजूला. गिरणी बंद. नेमके सर त्याच वेळी दारात आले. त्यांनी शाफ्ट पाहिला, भिंतीला टाचलेला नकाशा पाहिला, त्यावरची आपली सही पाहिली आणि तिथेच एका पेटीवर बसले. पोटाची ट्यूब सोडायचीही त्यांना शुद्ध राहिली नाही.

उस्ताद शांत होते. गिरणीमालकाला त्यांनी हात जोडून समजावलं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कोई बात नहीं बिटिया। हम दूसरा बना देंगे। आप घर जाइए, आराम कीजिए।"

मला हायसं वाटलं. आज हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटलं. कुणी रागावलं नाही, घरी काही कळणार नाही, सही होईल.

सर पेटीवरून उठले. "उस्ताद," ते म्हणाले, "ये मशीन आपने पहले खोली है?"

"चार बार खोले हैं।"

"तो आपको मालूम था, खांचा किधर है?"

उस्तादांनी खाली बघितलं. "मालूम तो था।"

"फिर काटा क्यों?"

"कॉलेज का नक्सा था साहब, आपका दस्खत था।" मग थोडं थांबून ते म्हणाले, "अउर पंडितजी की बिटिया को कइसे टोकें? बुरा लगता न।"

"लड़का होता तो?"

"लड़का होता तो कान के नीचे बजाते।"

आणि मग आमचे सर ओरडले. हजेरी घेतानाही ज्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचत नसे, ते इतक्या जोरात ओरडले की खराद चालवणाऱ्याने खराद थांबवली. "तो बजाइए न! लड़के को गाली देकर सिखाते हैं और इसे पानी पिलाकर घर भेजते हैं? छह हफ्ते पानी पिएगी तो सीखेगी क्या? कल नौकरी में कौन बताएगा इसे कि गलत है? सब यही कहेंगे, आप बैठिए, आप बैठिए... बैठी ही रह जाएगी!"

एवढं बोलून त्यांना धाप लागली. सगळा कारखाना त्यांच्याकडे बघत होता. उस्तादांनी आपली दाढी खाजवली. मग त्यांनी तो शाफ्ट उचलून माझ्या पायांपुढे धाडकन टाकला.

"आँख है कि बटन टाँके हो?" ते गरजले. "मशीन देखने गई थीं? नहीं गईं! कागज देखकर कागज बना दिया! मिल दू कोस दूर थी का? अरे, अकल कॉलेज में जमा करके आई हो?" आणि पुढे बरंच. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. पोरं माना खाली घालून ऐकत होती, आणि त्यांतल्या एकाने हळूच आपला फडका माझ्यापुढे केला. पहिल्यांदाच. उस्तादांनी शेवटी बोट दाखवलं. "चलो, मिल। अपनी आँख से देखो। फिर बनाओ, अउर इस बार खराद पर भी तुम ही चढ़ोगी।"

'आप'चं 'तुम' झालं होतं. तीन दिवस लागले. शाफ्ट मी केला, आणि गिरणी चालू झाली. पुढचे चार आठवडे मी रोज शिव्या खाल्ल्या आणि त्या चार आठवड्यांत जे शिकले त्यावर आजवर पोट भरते आहे.

घरी मात्र मी यातलं एक अक्षर बोलले नाही. बाबांच्या कानावर वेडंवाकडं जायला नको होतं. रोज संध्याकाळी गल्लीत शिरताना मला वाटायचं, आज कुणीतरी सांगितलं असणार. बाबांनी "कसं झालं?" विचारलं की मी "छान" म्हणायचे आणि हात धुवायला मोरीकडे पळायचे.

ट्रेनिंग संपलं आणि तिसऱ्या दिवशी, सकाळी बाबांची पूजा आटोपते त्या वेळेला, सर दारात उभे राहिले. हातात उस्तादांनी लिहिलेला दाखला. कॉलेजच्या ऑफिसात देण्याआधी तो गुरुजींना, म्हणजे बाबांना, दाखवायचा आहे, असं म्हणाले. मुलांच्या दाखल्यांवर 'काम संतोषजनक' एवढंच असतं, हे मी पाहिलं होतं. तेवढंच असतं तर सर आले नसते. या कागदावरून पुढे सरांची चौकशी झाली आणि त्यांची बढती मागे पडली, हे मला पास झाल्यानंतर दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

बाबांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. बाबा काहीही मोठ्यानेच वाचत. "एक शाफ्ट बिगाड़ा।" ते थांबले. माझ्याकडे पाहिलं. मी उंबऱ्याकडे बघत होते. "डाँट खाकर दूसरा अपने हाथ से बनाया। वह चल रहा है।"

"डाँट खाकर?" बाबांनी विचारलं. "ओरडले तुला?"

"हो."

"सगळ्यांसमोर?"

"हो बाबा."

सर घाईघाईने म्हणाले, "गुरुजी, वेडंवाकडं नाही हो हे. तुम्ही समजू नका तसं."

"मी पाठशाळेत काय करतो दिवसभर?" बाबा म्हणाले. "स्वर चुकला की ओरडतो. ज्याच्यावर ओरडायचं सोडलं, तो पुढल्या वर्षी दिसत नाही." मग त्यांनी कागद डोळ्यांजवळ घेतला. खाली आणखी एक ओळ होती. ती मीही पाहिली नव्हती. बाबांनी ती वाचली. "नक्शा प्रोफेसर साहब ने जाँचा था। गलती उनसे भी हुई।"

आतून आई बाहेर आली.

"हे उस्तादांनी का लिहिलं?" बाबांनी विचारलं.

"मी लिहायला लावलं." सरांनी रुमालाने कपाळ पुसलं. "ते तयार नव्हते. मी बसून लिहवून घेतलं."

"तुमच्या नोकरीवर येईल की."

"येईल," सर म्हणाले. "मला भीती वाटतेच आहे. पण गुरुजी, हा कागद फायलीत राहणार. उद्या दुसरी कोणी मुलगी ट्रेनिंगला निघाली की काढून दाखवतील, बघा, मुलीला पाठवलं तर काय झालं. साठ जणांत ही तीन वर्षं एकटी बसली आहे. चुकताना तरी एकटी नको दिसायला."

बाबा त्या कागदाकडे बघत राहिले. मग त्यांनी तो नीट घडी घालून दोन्ही हातांनी सरांना परत दिला आणि मला म्हणाले, "तुझा तो फॉर्म काढ खाली."

मी फळीकडे धावले. फॉर्म हाताला लागला, पेन सापडेना, आई इकडेतिकडे शोधू लागली. बाहेर सर बाबांना विचारत होते, "आत्ताच करताय ना सही? मी थांबतो. पेनात शाई आहे ना, गुरुजी?"